मास्तरांचा पहिला चषक

देल्फीन : अरे, पण प्रत्येक चेंडू त्यांना ताटात वाढल्यासारखा का देतोयस?

ऑनोरे : हळू बोल. कुंपणापलीकडे प्रेक्षक बसलेत.

देल्फीन : बसलेत कुठे, पेंगताहेत! इस्त्रीघराच्या खिडकीतून सगळं दिसतं मला. दोन सेट तुझे, दोन बार्थेलेमीकाकांचे, आणि अजून कुणाला धड घाम आलेला नाही.

ऑनोरे : नऊ वर्षं या हॉटेलात पाहुण्यांना टेनिस शिकवतोय. चेंडू नेमका समोरच्याच्या रॅकेटवर द्यायचा, हेच माझं काम. आता हात ऐकतच नाही.

देल्फीन : आणि मघाशी काकांना ‘वा, काय फटका, बॅरनसाहेब’ म्हणालास ते?

ऑनोरे : तोंडही ऐकत नाही.

देल्फीन : काकांची तीच तऱ्हा. तुझा चेंडू बाहेर पडला तर म्हणतात, ‘वाऱ्यानं नेला हो, बाईसाहेब!’

ऑनोरे : तीस वर्षं कान शहरात शिकवतायत ते. मलाही त्यांनीच शिकवलंय. त्यांना कोर्टभर कसं पळवू?

देल्फीन : हे बघ, शिकवण्याचे पैसे घेता म्हणून तुम्हा मास्तरांना आजवर कुणी स्पर्धेत उभं केलं नाही. यंदा पहिल्यांदाच तुमचा चषक ठेवलाय. असेच पेंगले लोक, तर पुढच्या वर्षी कोण ठेवणार? तुझ्याकडे रोज शिकणारा तो बॅरन तर आत्ताच हसतोय.

ऑनोरे : काय म्हणाला?

देल्फीन : म्हणाला, ‘ऑनोरेला तर मी रोज हरवतो.’

ऑनोरे : रोज?

देल्फीन : डाव्या हातानंसुद्धा हरवीन म्हणे.

ऑनोरे : हे तो म्हणाला, की तू जोडलंस?

देल्फीन : थोडी इस्त्री मी फिरवली. जा आता, बोलावतायत.

(तासाभरानं, त्याच कुंपणाशी.)

बार्थेलेमी : पोरी, नवऱ्याला काय पाजलंस गं? पहिलाच चेंडू असा कोपऱ्यात हाणला, की मी नुसता बघत राहिलो.

ऑनोरे : मी लगेच माफी मागितली, काका.

बार्थेलेमी : त्याचीच तर चीड आली! मग मीही सोडलं नाही. तीस वर्षं दाबून ठेवलेले फटके काढले एकेक. कंबर गेली, पण काय मजा आली म्हणून सांगू!

देल्फीन : लोक उभे राहिलेले दिसले मला. बॅरनसुद्धा.

बार्थेलेमी : तो जीव वाचवायला उठला होता. यानं दोनदा त्याच्याच खुर्चीवर नेम धरला.

ऑनोरे : एकदाच. दुसऱ्यांदा खरंच हात सुटला.

देल्फीन : पण शेवटी झालं काय? मला मुकादमीणबाईंनी खिडकीतून ओढून इस्त्रीला लावलं.

बार्थेलेमी : शेवटचा सेट अकरा-नऊ. हरलो मी, आणि दोघांनी जाळीवरूनच मिठी मारली. मग चषकावर नाव कोरायचं म्हणून स्पर्धेचे चिटणीस आले, तर हा त्यांना म्हणतो, ‘काय विचारलंत?’

देल्फीन : का रे?

ऑनोरे : त्यांनी आडनाव विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

देल्फीन : मग? सांगितलंस ना?

ऑनोरे : सांगितलं. सावकाश. एकेक अक्षर सुटं करून.