नवख्यावर काढलेला राग

शिवणकाम करणाऱ्या एक बाई दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत गाल धरून बसल्या होत्या. शेजारी एका बहीणभावाची हुज्जत चालली होती.

"ताई, दाढ सुजलीय तुझी. ठेव तो फोन."

"कसा ठेवू? मी बनवलेल्या भाषेत जगभरचे लोक प्रोग्राम लिहितात. नवी आवृत्ती निघाली, की सगळे माझ्याच डोक्यावर बसतात."

"फुकट दिलीस ना त्यांना?"

"म्हणूनच तर! आज एकाने चक्क आळशी म्हटलं मला."

"मग आता त्याला झापतेयस?"

"त्याला कुठलं! एक नवखा आहे. भाषेतली एक चूक दुरुस्त करतो म्हणाला आणि आणखी दोन करून ठेवल्यान्. लिहिलं, आधी शिकून ये, मग आमचा वेळ खा."

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"अगं, हा बिचारा मदतीला आला होता! शिव्या दिल्या एकाने आणि तू धुतलंस दुसऱ्याला."

तेवढ्यात फोन वाजला.

"काय म्हणतोय?"

"'माफ करा. पुन्हा त्रास देणार नाही.'"

"गेला. बस आता एकटीच निस्तरत."

"गप रे! लिहितेय ना. 'चुकलं माझं. तुझी सुरुवात बरोबर आहे. उरलेलं आपण मिळून बघू.' पाठवलं."

"आलं उत्तर?"

"नाही."

आतून बाईंचा नंबर पुकारला.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या हो," बाई जागेवरूनच म्हणाल्या. "आमचं उत्तर यायचंय अजून."