दोऱ्यांची पेटी

खट्-खटाक्, खट्-खटाक्. संबोधनाच्या आधीच तोंडातून हा आवाज निघाला, त्याबद्दल अध्यक्षमहोदया, माझ्याकडे असं बघू नका. चाळीस वर्षं तुमच्याच शाळेत मराठी शिकवलं. पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग, आमच्या भाषेत लूम, दिवसभर हा ठेका धरायचे आणि माझी मुलं कविता म्हणताना नकळत त्या ठेक्यावर जायची. भुजंगप्रयात काय आणि शार्दूलविक्रीडित काय, आमच्या भिवंडीत सगळी वृत्तं लुमाच्या तालावर. फक्त शुक्रवारी लुमांना सुट्टी, आणि शुक्रवारी हमखास मुलांचा ताल बिघडायचा. आजही शुक्रवार आहे. बाहेर सगळं शांत आहे, म्हणून तो जुना आवाज जास्तच आठवला.

तर आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या माजी मुख्याध्यापिका आदरणीय सुनीतीबाई. सत्कारमूर्ती डॉक्टर सुधीर टिपणीस. ठाणे, कल्याण, पडघा इथून आपापले दवाखाने बंद ठेवून आलेली डॉक्टर मंडळी. आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

सुधीरराव उद्या आपल्या मुलीकडे बडोद्याला जात आहेत, ते कायमचे. निरोपाचं भाषण एखाद्या डॉक्टरनं करायला हवं होतं. पण ही मंडळी म्हणाली, अण्णा, तुम्हीच बोला. आता मला वैद्यकातलं काय कळतं? खोकला झाला तर काढा आणि काढा कडू लागला तर गूळ, इथवर माझी मजल. मग मी का? ते सांगायचं तर एक घरगुती गोष्ट सांगावी लागेल. सुधीरराव, तुमची परवानगी गृहीत धरतो.

अठ्ठ्याऐंशी साली माझ्या पत्नीच्या, सरलेच्या, पोटात दुखायला लागलं. गावात सोनोग्राफीचं यंत्र एकट्या सुधीररावांकडे, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर. यकृतात एक गाठ दिसली. आता हे यंत्र काय करतं ते मला समजलं तसं सांगतो. पडद्यावर पोटातलं करडं चित्र उमटतं. डॉक्टर गाठीच्या एका कडेला बारीक फुली ठेवतात, समोरच्या कडेला दुसरी. दोन फुल्यांमधलं अंतर यंत्र सांगतं. सांगतं ते बरोबरच. पण फुली कुठं ठेवायची, हे काही यंत्र सांगत नाही.

गाठ चार सेंटिमीटरची भरली. मुंबईचे सर्जन म्हणाले, लहान आहे, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, वाढली तर ऑपरेशन करू. तीन महिन्यांनी सुधीररावांचं यंत्र आमच्या भिवंडीच्या विजेनं बंद पाडलेलं. म्हणून कल्याणला गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, विद्युल्लताबाई. त्यांनी मोजली. चार सेंटिमीटर.

वाढ नाही. त्या दिवशी कल्याणच्या स्टँडवर सरलेनं स्वतःहून उसाचा रस मागितला. पुढच्या आठवड्यात आम्ही वज्रेश्वरीला गेलो, तिथून गणेशपुरीला. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्या कविता मुलांनाच म्हणून दाखवता, मला कधी दाखवल्या नाहीत." मी म्हणालो, "तू ऐकतेस कुठं, तुझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे." मग तिथंच, काठावर बसून, मी तिला कविता म्हणून दाखवल्या. आजूबाजूची माणसं बघत होती. तिला लाज वाटत होती, पण पुरे म्हणाली नाही. एका ओळीला म्हणाली, "ही परत म्हणा." असे चार महिने गेले.

मग दुखणं उलटलं. सर्जननी दोन्ही ठिकाणचे कागदी फोटो शेजारी शेजारी ठेवले. गाठीभोवती एक काळसर कड असते. सुधीररावांनी फुल्या कडेच्या बाहेर ठेवल्या होत्या, विद्युल्लताबाईंनी कडेच्या आत. दोघांची रीत आपापल्या जागी बरोबर. दोघं तसंच शिकले होते. गाठ वाढलीच होती, मापात मात्र ती तेवढीच राहिली. आधी कळलं असतं तर? मी विचारलं होतं. सर्जन म्हणाले, "मास्तर, खरंच सांगता येत नाही." सरला दिवाळीच्या आधी गेली.

सुधीरराव तेराव्याला आले. जेवले नाहीत. ओट्यावर माझ्याशेजारी बसून म्हणाले, "अण्णा, आमची फूटपट्टीच वेगवेगळी आहे हो." मी कवितेचा माणूस, मला ते लगेच कळलं. चरणाच्या शेवटी लघु आला तरी तो गुरू धरायचा, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. एकानं धरला आणि दुसऱ्यानं नाही, तर एकच कविता दोन वर्गांत दोन वृत्तांची होईल. कवितेत त्यानं कुणी मरत नाही, एवढाच काय तो फरक.

त्यातून बैठक सुरू झाली. ठाण्याचे, कल्याणचे, पडघ्याहून आमचे केसरीनाथ. कुणी स्कूटरवर, कुणी एस.टी.नं, पदरचं भाडं खर्चून सुधीररावांच्या दवाखान्यात जमायचे. सरकारी हुकूम नाही, मानधन नाही. चहा आणि माझ्या हातचे जाडे पोहे. पहिल्या पत्रावर पहिली येणार कोण? विद्युल्लताबाई. आल्या त्या थेट माझ्यापाशी. मी त्यांना पोहे दिले.

आधी रविवारी जमायचे. पण यंत्रं तपासायला सुधीररावांनी एक पेटी केली होती, ही बघा, आज टेबलावर ठेवली आहे. लुमाची फणी असते ना, जिच्यातून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ओवतात? तिचे दात अगदी एकसारख्या अंतरावर. तशा दोन फण्या काचेच्या पेटीत समोरासमोर बसवून त्यांतून नायलॉनचे दोरे ओवले आणि वर मीठ घातलेलं कोमट पाणी. दोऱ्यांमधलं अंतर आपल्याला ठाऊक. यंत्रानं तेवढंच दाखवलं तर यंत्र नीट. फणी आणायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "डॉक्टरसाब, आप भी लूम डाल रहे हो? मत डालो, धंदा मंदा है." आणि आमचा कंपाउंडर काळूराम, गणेशपुरीकडचा गडी, पेटीत डोकावून म्हणायचा, "डाक्टर, दोरं तं टाकलं, पन मासली काय गावत न्हाय."

पण रविवारी शेजारचे लूम चालू, त्यानं टेबल थरथरायचं, पेटीतलं पाणी शहारायचं आणि पडद्यावर दोरे नाचायचे. म्हणून बैठक शुक्रवारवर गेली. मुंबईच्या एका पाहुण्यानं विचारलं, तुमच्यात मुसलमान डॉक्टर जास्त आहेत का? म्हटलं, नाही हो, आमच्यात लूम जास्त आहेत.

बैठकीची रीत अशी. पडद्यावर एक चित्र. प्रत्येकानं आपली फुली आपण ठेवायची, माप चिठ्ठीवर लिहायचं, शेजाऱ्याला दाखवायचं नाही. चिठ्ठ्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात. त्या वाचायच्या मी, कारण मला त्यातलं काही कळत नाही, म्हणजे कुणाची बाजू घेणार नाही. आणि एक नियम: कुणी कुणाला "तुमचं चुकलं" म्हणायचं नाही. म्हणायचं, "आपलं जुळलं नाही." मग जुळेपर्यंत बसायचं. त्यातून जे ठरलं ते एका कागदात मावतं. फुली कोणत्या कडेवर ठेवायची, सगळ्यात लांब माप आधी, दुसरं त्याला काटकोनात, आणि कुठून कुठवर मोजलं ते रिपोर्टमध्ये लिहायचंच. तो कागद आज या भागातल्या किती दवाखान्यांत टेबलाच्या काचेखाली आहे, तुम्हीच बघा. कुणाचं नाव त्यावर नाही. सुधीररावांनी घालू दिलं नाही.

आता एक दुःखाची गोष्ट. की दुसरी म्हणू? नवीन डॉक्टर बैठकीला आला की सुधीरराव त्याला सरलेची गोष्ट सांगायचे. नाव न घेता. हेतू चांगला, नव्यांना कळावं की आपण इथं का जमतो. पण प्रत्येक वेळी विद्युल्लताबाई मान खाली घालून चिठ्ठीशी चाळा करत बसायच्या. त्र्याण्णव साली एका नव्या पोरगेल्या डॉक्टरनं सहज विचारलं, "सर, ते दुसरं माप घेतलं कुणी होतं?" बाई म्हणाल्या, "मी." आपली चिठ्ठी लिहून पूर्ण केली, खोक्यात टाकली, पर्स उचलली. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी आणि सुधीरराव नंतर कल्याणला गेलो होतो, त्यांनी चहा केला, सगळ्यांची चौकशी केली, आणि जिन्यापर्यंत पोचवायला येऊन म्हणाल्या, "अण्णा, बोलवू नका, नाही म्हणताना त्रास होतो." त्यानंतर बोलावलं नाही. आजचं निमंत्रणही त्यांना धाडायचं आमच्या सगळ्यांच्याच जिवावर आलं, धाडलं नाही.

आणि आता गेल्या वर्षाचं. सुधीररावांनी मला सांगितलंय, अण्णा, सगळं सांगा, हातचं राखू नका.

गेल्या पावसाळ्यानंतर चिठ्ठ्या फार सुरेख जुळायला लागल्या. मी एकापाठोपाठ वाचायचो, सगळे आकडे सुधीररावांच्या आकड्याला लागून. ते खूष. मला म्हणाले, "अण्णा, नऊ वर्षांनी वर्गाला धडा पाठ झाला बघा." मग एका शुक्रवारी त्यांनी पडद्यावर ही दोऱ्यांची पेटीच लावली. पुन्हा सगळ्यांचं जुळलं. पण दोरे तर फणीतले. त्यांचं खरं अंतर फणी विकणाऱ्यालाही ठाऊक. आमचं एकमेकांशी जुळलं होतं, दोऱ्यांशी कुणाचंच नाही.

सुधीररावांनी चष्मा काढला. म्हणाले, "केसरीनाथ, तुम्हाला दोरा तिथंच दिसला?"

"हो, सर."

"खरं सांगा."

केसरीनाथ म्हणाले, "सर, तुम्ही पडद्यावर फुली ठेवता, आधी ती बघतो. तुम्हाला कसं सांगायचं?"

"मला कुठं सांगायचं होतं?" सुधीरराव म्हणाले. "चिठ्ठीवर लिहायचं होतं."

सुधीररावांची नजर जात चालली होती. त्यांना कळलं नव्हतं. या मंडळींना कळलं होतं. आणि गुरूचा मान राखायचा म्हणून यांनी सगळ्यांनी आपली फुली सरकवली, मायेनं, दर शुक्रवारी थोडी थोडी. केसरीनाथ, मान वर करा. मी तुम्हाला बोल लावत नाही. मीही शिक्षक होतो. मुलं माझा चुकलेला ताल उचलायची आणि मला वाटायचं, काय गोड म्हणतात.

सुधीररावांनी दुसऱ्या दिवसापासून पेशंट बघणं थांबवलं. आधीच्या वर्षभराच्या सगळ्या पेशंटना निरोप धाडून पुन्हा मोजून घेतलं, ठाण्याला, आपल्याशी ओळख नसलेल्या डॉक्टरकडून. देवाची कृपा, कुणाचं नुकसान निघालं नाही. त्यातल्या शेवटच्या पेशंटचं माप आलं त्या संध्याकाळी जिन्यावर बसून मला म्हणाले, "विद्युल्लता असती तर पहिल्याच शुक्रवारी कळलं असतं." खरंच आहे. बाईंची चिठ्ठी कधी कुणाकडे झुकली नाही. मुंबईचे मोठे पाहुणे एकदा एक आकडा बोलून बसले होते, सगळे त्यांच्या मागं गेले, बाईंचा आकडा एकटा वेगळा. दोऱ्यांवर ताडून बघितला, बाईंचा बरोबर.

मंडळी, मग आज अडलंय काय ते सांगतो. सुधीरराव उद्या जातात. ही पेटी कुणाकडे द्यायची? ज्याला त्याला विचारलं. प्रत्येकजण हात जोडतो, म्हणतो, सरांच्या जागी मी कसा बसू? तुमच्या या विनयाचा मला आदर आहे, आणि भीतीही वाटते. कारण मग पेटी माझ्या घरी येणार, आठवण म्हणून. मी तिच्यावर रुमाल घालणार, वर सरलेचा फोटो ठेवणार, आणि शुक्रवार संपणार. मला ते नको आहे.

माझ्या घरात आठवणी पुष्कळ आहेत. ते गणेशपुरीचे चार महिनेही आहेत. खोट्या आकड्यावर उभे होते ते, मला माहीत आहे. पण ते दिवस खोटे होते असं माझ्यानं म्हणवत नाही. ती ओळ तिनं परत म्हणायला लावली, ते खरंच होतं. हे विद्युल्लताबाईंना एकदा सांगायचं होतं. त्या जिन्यावर उभ्या असताना सुचलं नाही.

असो. वेळ बराच घेतला. शाळेनं सभागृह दिलं, काळूरामनं ध्वनिक्षेपक आणि पोहे दोन्ही सांभाळले, अध्यक्षमहोदयांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. सुधीरराव, बडोद्याला सुखी राहा. पोरीला पत्र सांगत जा, ती लिहील. आणि श्रोतेहो, या म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही चुकलं असेल असं मी म्हणणार नाही, आमच्या नियमात ते बसत नाही. काही जुळलं नसेल, तर उदार मनानं पोटात घाला आणि

दाराशी कोण उभं आहे?

काळूराम, तो मागचा दिवा लाव जरा. थांबा हो, कुणी उठू नका.

सुधीरराव, तुम्हाला इथून दिसायचं नाही, म्हणून मी सांगतो. केस पिकायला लागलेत, पर्स तीच असावी. दारातच थबकल्यात, चपला काढाव्यात की नाही ते ठरत नाहीये.

विद्युल्लताबाई, चपला राहू द्या. कुणी कळवलं ते मी विचारत नाही. केसरीनाथ, एक खुर्ची द्या बरं. तिथं नको, इथं पुढं, पेटीजवळ.

या बाई. आज शुक्रवारच आहे.