मैंदर्गीच्या रस्त्याची वही

माझ्या गाडी चालवण्याला तुम्ही हसता, म्हणून सांगतो. फिनलंडच्या एका शर्यतपटूवर मासिकात लेख आला होता. शेजारी बसलेला जोडीदार वहीतून पुढचं वळण वाचायचा, त्यावर विसंबून हा जंगलातून, बर्फातून गाडी पळवायचा आणि शर्यतीमागून शर्यती जिंकायचा.

मला ते फार पटलं. सोलापूरहून सासुरवाडीला मैंदर्गीला जाताना मी वळणं सांगत गेलो, शेजारी बसलेल्या बायकोने, सुमनने, ती वहीत उतरवली. परतताना तिने वही शेवटून वाचायला घेतली.

"आता उजवं."

मी वळवली. जीप थेट ज्वारीच्या रानात. जाताना जे उजवं, ते येताना डावं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"अहो, समोर बघायचं की!"

"तो फिनलंडचा बघत बसतो का? ऐकतो!"

ती हसत सुटली. "लग्नाला अकरा वर्षं झाली. आज पहिल्यांदा माझं ऐकलंत, तेही चुकलेलं."

सुमन वारल्यानंतर, गेल्या महिन्यात सासऱ्यांना भेटून एकटाच परतत होतो. रस्ता मला पाठ आहे. तरी त्या वळणावर गाडी थांबवली. शेजारून कुणीतरी सांगेल, चुकीचं का होईना, म्हणून थोडा वेळ बसून राहिलो.