शिवणीतली पट्टी

नाही, इस्त्रीला नाही आणले, भाऊ — ठेवते इथे टेबलावर, तुम्ही हातातला शर्ट पुरा करा, मला घाई नाही — मला फक्त एक विचारायचंय. कपडे आले की तुम्ही दोन ढीग करता ना? एक कडक इस्त्रीचा, सुती कपड्यांचा, आणि एक हलक्या इस्त्रीचा. मग हे माझे सहा गाऊन कुठल्या ढिगात जातात तेवढं दाखवा. — असं बघताय काय? रोजचंच काम आहे तुमचं. बरं, राहू दे, आधी मी सांगते, मग तुम्ही सांगा. मी बायकांच्या वर्गाला जाते, इंग्रजी शिकायला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत — हो हो, या वयात, हसा — लेकीनंच नाव घातलं, म्हणाली, आई, निदान औषधाच्या बाटलीवरचं तरी वाचशील. तर मागच्या आठवड्यात बाईंनी कापडाचे शब्द शिकवले. कॉटन, वूल, नायलॉन, पॉलिएस्टर. कॉटन मला येत होतं, मी हात वर करून सांगितलंसुद्धा, म्हटलं, बाई, बारा वर्षं मी दुसरं काही अंगाला लावलेलं नाही. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला — खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. पॉलिएस्टर नवीन होतं. जमिनीतल्या तेलापासून करतात म्हणे, दोरा जाळला तर राख होत नाही, वितळून मणी होतो. बाईंनी काडी ओढून दाखवलं. आणि अभ्यास दिला, घरातल्या दहा कपड्यांच्या पट्ट्या वाचून आणा.

मी आपली दुपारी सगळं आवरून कपाट उघडून बसले. माझ्या एकाही कपड्याला पट्टी नाही! कशी असेल? आमचे हे नवा कपडा आणला की आधी छोटी कात्री घेऊन बसायचे, चष्मा नाकावर, आणि मानेची पट्टी, आतल्या शिवणीतली पट्टी, एकेक टाका उसवून काढायचे. तुला टोचतं ना, म्हणायचे. मी एकदाच म्हटलं असेल टोचतं म्हणून. एकदाच, भाऊ! तेवढं ह्यांनी बारा वर्षं लक्षात ठेवलं, असं मी शेजारणींना सांगायचे. त्या दुपारीही त्या रिकाम्या शिवणी बघून गहिवरूनच आलं मला. म्हटलं, आता अभ्यास कशावरून करू, आणि एकटीच हसले. मग हा निळ्या फुलांचा हाती आला, गेल्या महिन्यातला. ह्यांना हल्ली मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, एक पट्टी आत राहून गेली होती. बोट ठेवून वाचलं. एकेक अक्षर. दोनदा वाचलं. चूक असेल म्हटलं, कारखान्यातली — पण हे तयार कपड्यांच्या गोदामात एकवीस वर्षं होते हो, डोळे मिटून दोन बोटांत कापड धरलं की कशाचं आहे ते सांगतात. मग प्रत्येक गाऊनचा एक दोरा उसवला आणि मोरीत बसून जाळला. सहाचे सहा मणी. काळे, टणक.

तुम्ही म्हणाल, कपडाच तर आहे. तसं नाही ते. लेक नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्या छातीत शिट्टी वाजायची, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. डॉक्टर म्हणाले, लोकर नको, नायलॉन-बियलॉन नको, सुतीच वापरा. मी देवापुढे उभी राहिले — दुसरं काय होतं माझ्याकडे? म्हटलं, ती सुती घालेल तर मीही सुतीच घालेन, बारा वर्षं, तिला श्वास दे. हे शेजारीच उभे होते. ह्यांनीही हात जोडले. येत्या पंधरवड्यात बारा पुरी होतात. लेक चार जिने धावत चढते आता. आणि ऐका — तिच्या कपड्यांच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत. वाचल्या मी. सगळं कॉटन. म्हणजे ह्यांना कळत नव्हतं असं नाही. तिच्यासाठी खरं आणायचे आणि माझ्यासाठी — मग ती बरी झाली ती तिच्या कपड्यांनी? माझ्या व्रताचा त्यात काहीच — नाही, जाऊ द्या, असं मनातसुद्धा आणू नये.

विचारलं ना, विचारल्याशिवाय राहीन का? जेवता जेवता विचारलं. म्हणाले, तुझी मनगटं दुखायची, सुती जड, पिळवत नव्हतं तुला. म्हटलं, अहो, मग लेकीच्या चादरी कोण पिळत होतं, शेजारीण? तर पाण्याचा पेला सरकवून म्हणाले, देव काय कपड्याच्या पट्ट्या बघत बसतो का गं? हळूच म्हणाले, प्रेमानंच. तेच लागलं मला. नुसतं हे सुरुवातीलाच म्हणाले असते तर भांडले असते, रडले असते, स्वतः जाऊन कापड आणलं असतं. पण ह्यांनी हात जोडले होते, भाऊ. — आणि एक सांगते, कुणाला बोलू नका. थंडीत मोरीत अंधारात गाऊन डोक्यावरून काढला की त्यातून ठिणग्या उडायच्या. चट् चट् चट्, निळ्या. मला वाटायचं, देवानं मान्य केलं, ही खूण आहे. ह्यांना बोलावून दाखवलं होतं एकदा. माझ्या डोळ्यांत पाणी. हे दारात उभे राहून म्हणाले, असेल, असेल बरं. परवा बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, पॉलिएस्टर दुसऱ्या कपड्यावर घासलं गेलं की तसं होतंच. होतंच! हसले असते ना त्या दिवशी हे, तरी चाललं असतं.

तसं मलाही कुठेतरी — म्हणजे, वाळायचे हो झटकन, सुरकुती पडायची नाही. शेजारीण म्हणालीसुद्धा, तुमचं सुती बरं चुरगळत नाही. मी म्हटलं, निगा राखावी लागते. असो. तर आता सांगा. बारा वर्षं माझे कपडे तुमच्या हाताखालून गेले. पहिली दोन-तीन वर्षं तरी खरं असेल ना? एखादं वर्ष? तेवढं धरून मी पुढची मोजीन, मला पुरे आहे तेवढं. — मान हलवू नका, बोला. — एकसुद्धा नाही? पहिल्यापासून हलक्या ढिगात? आणि तुम्हाला — ह्यांनी सांगून ठेवलं होतं. बघा माझ्याकडे. सांगून ठेवलं होतं ना?

बरं.

बरं, तर मग आजपासून. मी एकावन्नची. त्रेसष्टला पुरं होईल, डोळे धड असले तर पट्ट्या मीच वाचीन. नाही, नाही, तुम्ही कशाला हात जोडता, पुरे झाले हात जोडणारे. हा गठ्ठा इथेच राहू द्या. संध्याकाळी हे येतील, त्यांना द्या. मी आले होते का म्हणून विचारलं तर — काही सांगू नका. तेवढं तुम्हाला छान जमतं.