अकराला कोण नेट खातं?

...आणि रोज अकरालाच का? तुम्हाला सांगते, दहाला नाही, बाराला नाही, बरोबर अकराला गणिताच्या मॅडम पडद्यावर थिजायच्या, हातात खडू, तोंड उघडं, आणि आमचा अख्खा नववीचा वर्ग त्यांच्या पडजिभेकडे बघत बसायचा. मी कोणाचं नाव घेत नाही. पण काहीतरी शिजत होतं.

आमच्या हिंगणीच्या शाळेत पाच खोल्या, प्रत्येकीत पडदा नि स्पीकर, आणि सगळ्यांत मिळून नेटची एकच बारीक धार. ती कोणाला किती द्यायची हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिलाय. नेट कमी पडलं तर चित्र धूसर झालं तरी चालेल, पण आवाज तुटू द्यायचा नाही; एक वर्ग सुटला की त्याचा वाटा दुसऱ्याला. शनिवारी परीक्षक येणार, त्यांच्यासमोर हे चाललं तरच मी वर्ध्याच्या विज्ञान प्रदर्शनात. आणि मध्येच हे अकराचं ग्रहण...

पहिला संशय पियुषवर. प्रयोगातला माझा जोडीदार.

"तूच गेम उतरवून राह्यला ना?"

"मी काऊन? मले तं घरी याच्याहून चांगली रेंज हाय."

इतकं शांतपणे कोण बोलतं? ज्याने आधी तयारी केली तोच ना? मग बाबारावकाका, आमचे शिपाई. अकरा वाजले की फडकं घेऊन नेटच्या डब्यापाशी हजर.

"काका, वायर हलवता का?"

"म्या तं निस्ती धूळ झटकतो, बाई. धूळ काय नेट खाते?"

मी कोणाचं नाव घेत नाही, पण फडक्याकडे लक्ष ठेवलं.

शेवटी शुक्रवारी अकराला, कोणत्या खोलीत किती नेट जातं, त्याची यादीच काढली. चार खोल्यांत थेंब थेंब आणि पाचवीत पूर. पाचवी हेडसरांची. दार लोटलेलं, आतून शिट्टी आणि "कबड्डी, कबड्डी". मी कोणाचं...

पण प्रोग्रामने त्यांना एवढं दिलंच का? उघडून बघते तर नियम पहिला, माझ्याच हातचा: हेडसरांना आधी, आणि ते पुरे म्हणेपर्यंत. अहो, पंगतीत आपण वाढतो कसं? मोठ्यांच्या पानापासून, आग्रह करत, ते पानावर हात आडवा धरेपर्यंत. तसंच लिहिलं मी. आता कबड्डी बघणारा माणूस पानावर हात धरतो का?

गुपचूप त्यांना शेवटच्या पंगतीत बसवलं.

शनिवारी अकराला मॅडम सरळ गणित संपवून मोकळ्या. परीक्षक खूश. तेवढ्यात हेडसर बाहेर आले. "नेट कोन खाऊन राह्यलं? माह्या खोलीत सरकारी काम अडकलं." ते सरकारी काम एक पाय वर करून थिजलेलं मला खिडकीतून दिसत होतं. "गुंजन, तूच शोध. सोमवारी लेखी देजो, नावासकट. मंगच वर्ध्याच्या अर्जावर सही."

नावासकट. आता कोणाचं लिहायचं, सांगा.

मी लिहिलं: उंदीर. वायर कुरतडतो.

हेडसरांनी वाचलं, मान हलवली. "मले आधीपासूनच संशय होता." सही केली, बाबारावकाकांना पिंजरा लावायला सांगितलं. मग मला म्हणाले, "उंदीर सापडला का मंग माह्या खोलीचं नेट पयलेवानी करजो."

तेव्हापासून शाळा सुटली की मी हळूच जाते आणि पिंजऱ्यातली भाकर काढून घेते. काका डोकं खाजवत विचारतात, "बाई, भाकर रोज जाते अन् उंदीर काही अडकत नाई. कोन नेत असन?"

मी कोणाचं नाव घेत नाही.