हात उतरला, राग नाही

व्यासपीठावरच्या आदरणीय अध्यक्षबाई, सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले मुख्याध्यापक सर, माझे सहकारी, पालक, विद्यार्थिनी, आणि पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांचा उल्लेख निमंत्रणपत्रिकेत राहून गेलाय, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी केला. शेवटचं लक्षात राहतं.

निरोपाच्या समारंभात गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मी खरं तर बोलणारच नव्हते. पण सरांनीच संयोजकांना सांगितलं, "खेळाच्या बाईंना बोलू द्या. त्यांच्या आजारपणात मी त्यांना किती सांभाळून घेतलं, ते त्याच सांगतील." सरांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. सांगते.

माझं छातीचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी काखेतल्या गाठीही काढल्या. आजार गेला, पण जाताना वाट मोडून गेला. हातातून जे पाणी मागे फिरायचं, ते हातातच साठू लागलं. हात असा सुजला की शिवण उसवल्याशिवाय बाही चढेना. तरी मी मैदानावर आले, कारण माझ्या रिलेच्या मुलींची स्पर्धा तोंडावर होती.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, मुलांसमोर असला हात बरा दिसत नाही. पालक विचारतात. शिट्टी टेबलावर ठेवा आणि उद्यापासून सामानाची खोली बघा."

मी म्हटलं, "सर, हात सुजलाय, डोकं नाही. मुलींना मी अर्ध्यावर कशी सोडू?"

"वाद नको. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

किती सांभाळून घेतलं, नाही का? अगदी खोलीत ठेवून सांभाळलं. गाद्या, जाळ्या, हवा गेलेले चेंडू आणि मी. स्पर्धा आपल्याच मैदानावर झाली. मी ती खिडकीच्या गजांतून पाहिली. तिसऱ्या मुलीच्या हातून बॅटन पडलं. उचलायच्या आधी तिनं वळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. सर, ते मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

पुढे हॉस्पिटलमधल्या व्यायामाच्या ताईंनी मला शिकवायला घेतलं. मी आयुष्यभर "अजून जोरात!" म्हणून ओरडत आलेली बाई. त्या म्हणायच्या, "जोर नकोच. आधी पोटातून श्वास. मग खांदे हळू मागे फिरवा. सूज दाबणारी ती घट्ट पट्ट्याची बाही घालून हात उशीवर उंच ठेवा आणि मूठ मिटा, उघडा. दुखलं की थांबायचं. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर व्यायाम नाही, सरळ डॉक्टर." इतक्या हळुवार व्यायामात राग मावत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी माववला. मूठ मिटताना कोण डोळ्यांसमोर यायचं, ते व्यासपीठाचा मान राखून सांगत नाही.

मी खोलीत व्यायाम करते हे पाहून आपल्या शाळेच्या मावशी एकदा दारात उभ्या राहिल्या. त्यांचा पाय वर्षानुवर्षं खांबासारखा. "बाई, पायाचं काही असतं का यात?" डॉक्टरांना विचारून त्या गादीवर आडव्या झाल्या. पाय उंच ठेवून घोटे वर-खाली, वर-खाली. मग मावशींनी आणखी दोघींना आणलं.

आणि एका दुपारी वहिनी आल्या. पूर्ण बाह्यांचा पोशाख, ऐन उन्हाळ्यात. म्हणाल्या, "यांना कळू देऊ नका. हे म्हणतात, होईल बरं, चारचौघांत दाखवत बसू नकोस."

खरं सांगू? मला आधी आनंद झाला. म्हटलं, घरचाच आहेर मिळाला सरांना! मग वहिनींनी बाही वर सरकवली, हात माझ्यासारखाच सुजलेला, आणि तो आनंद जागच्या जागी मेला. राग तेवढा दुप्पट झाला.

एके दिवशी दारावर धपाधप थापा पडल्या. "आत काय नाटकं चाललीयत?" सरांचा आवाज. वहिनी तेव्हा गादीवर पाठीवर झोपलेल्या. मी कुजबुजले, "श्वास पोटातून. आवाज न करता." सर कंटाळून गेले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

मागे हसू नका, पुढचं ऐका.

सर, तुम्हाला वाटलं वर्ग मोडला. वहिनी म्हणाल्या, "खोली गेली तर गेली. माझं घर आहे ना! शाळा दुपारी सुटली तरी हे संध्याकाळपर्यंत तिथेच असतात." तेव्हापासून आमचा वर्ग तुमच्या दिवाणखान्यात भरतो. सोफ्याच्या उशा इतक्या चपट्या कशा झाल्या, असं तुम्ही वहिनींना विचारलंत म्हणे. त्यांवर मावशींचे पाय असतात, सर. याच पायांनी त्या रोज तुमच्या केबिनमध्ये चहा आणायच्या, आणि तुम्ही कधी मान वर करून पाहिलं नाहीत. तुमच्या आरामखुर्चीत मी बसते. खुर्ची फार चांगली आहे.

माझा हात बराच उतरला. पुरता नाही, तो उतरणारही नाही, पण माझं ऐकतो. वहिनी आज अर्ध्या बाह्यांत आल्या आहेत, सगळ्यांनी पाहावं. मैदान मात्र मला परत मिळालं नाही. त्या चौघी मुली शाळा सोडून गेल्या. त्यांची शर्यत त्यांना कोण परत देणार? सर, तुम्ही?

हे मी वहिनींच्या माघारी बोलत नाही. सकाळी त्यांचाच फोन आला. "आज सांगूनच टाका. मी पुढे बसते."

आता अडचण एकच होती. उद्यापासून सर दुपारी घरी. मावशींनी काळजीनं विचारलं, वर्ग कुठे न्यायचा? वहिनी म्हणाल्या, "कुठे म्हणजे? इथेच. जायचं तर ते जातील." तेव्हा सर, दुपारी तासभर तुम्हाला घराबाहेर काढावा लागेल. कुठे, ते तुमचं तुम्ही बघा.

संयोजकांनी मला बोलू दिलं आणि अध्यक्षबाईंनी मध्येच घंटा वाजवली नाही, दोघांचे मनापासून आभार. भाषण संपवताना उण्या-अधिकाची क्षमा मागतात. काही उणं राहिलं असेल, तर त्याची मागते. अधिक काही झालेलं नाही.