आमच्या वाट्याला गाढव

नाही, राजवाडा मागितलाच नव्हता हो आम्ही! तटबंदी द्या, नायकाची तलवार द्या, असं कुठे म्हणालो? पण निदान एखादा घोडा तरी द्यायचा की नाही? तुम्हाला सांगतो, एवढा गाजलेला ऐतिहासिक व्हिडिओ गेम, भागावर भाग येतायत, पोरं जेवणखाण विसरून खेळतायत, आणि ती मोठी कंपनी तो एकटी थोडीच बनवते? तुकडे पाडून वाटते आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओंना. एकाला समुद्र, एकाला बाजारपेठ, एकाला नायकाची दाढी... नुसती दाढी हो, पण दाढीलासुद्धा मान आहे! आणि आमच्या वाट्याला काय? गाढव!

आमचा स्टुडिओ म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत आम्ही पाच जण, दुसरीत मालक आणि त्याचं टेन्शन. मालक म्हणाला, ‘‘गाढव तर गाढव! पण असं करू, की लोकांनी नायकाला सोडून त्याच्याकडे बघावं.’’ केलं. कान हलवले, शेपूट हलवली, पापण्यांचा एकेक केस मी स्वतः लावला... बायकोला दाखवलं, ‘‘डोळे बघ, कसे भावपूर्ण झालेत!’’ तर म्हणते, ‘‘माझ्याकडे बघितलंत कधी एवढं निरखून?’’

आणि आमचे सासरे! निवृत्त मुख्याध्यापक, विषय इतिहास. हसणं? छे! आमच्या लग्नाच्या फोटोत असे उभे आहेत, जणू मी कॉपी करताना सापडलोय. त्यांना मी सांगून ठेवलेलं, ऐतिहासिक प्रकल्पावर आहे म्हणून. लगेच प्रश्न, ‘‘कोणता कालखंड?’’ आता गाढवाला कसला आलाय कालखंड? म्हटलं, ‘‘सगळेच, बाबा...’’

तर घोडं अडलं... घोडं कसलं, गाढवच, ते अडलं आवाजावर. मोठ्या कंपनीच्या बाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, ‘‘दिसायला गोड आहे, पण ओरडण्यात इतिहास जाणवत नाही.’’ घ्या! तेव्हाचं गाढव काय बखरीतल्या भाषेत ओरडायचं? तयार आवाज पाठवले, तर म्हणे दुसऱ्या गेममध्ये ऐकलेत. खऱ्या गाढवापुढे माइक धरून बसलो, तर ते दुपारभर आमच्याकडे असं बघत राहिलं, की आम्हालाच कसंसं झालं. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर दुसऱ्या स्टुडिओला देऊ.’’ म्हणजे स्टुडिओला कुलूप! पाच संसार उभे कशावर? गाढवावर!

मग काय, मालकाच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या, माइक ठेवला, आणि एकेक जण आत जाऊन ओरडायला लागला. मालक ओरडला, तर कुकरची शिट्टी झाली. माझी पाळी आली. म्हटलं, आता लाज सोडायची. ओणवा झालो, डोळे मिटले, मान वर केली, आणि जी काही साद घातली...

डोळे उघडतो, तर दारात सासरे! हातात माझा डबा. मी घरी विसरलेला, बायकोनं त्यांच्याबरोबर पाठवलेला. मी चार पायांवर, ते दोन पायांवर. आणि मग, अगदी गंभीरपणे, ‘‘जावईबापू... हा कोणता कालखंड?’’

एवढं बोलले, आणि त्यांचं त्यांनाच आवरेना! आधी श्वास आत ओढला, हीऽऽऽ... मग बाहेर, हॉऽऽ! पुन्हा हीऽऽऽ... हॉऽऽ! गादीला धरून हसतायत, डोळ्यांतून पाणी! आणि माइक? चालू!

मालकानं माझ्याकडे बघितलं, मी मालकाकडे. पाठवलं. बाईंचं तत्काळ उत्तर, ‘‘अप्रतिम! या आवाजात शतकांचं दुःख आहे!’’

स्टुडिओ वाचला हो, पण सासऱ्यांना सांगायचं कसं? बायको म्हणाली, ‘‘बाबांना कळलं ना, तर तुमचं काही खरं नाही!’’ कुणाच्या वाट्याला मेडल, कुणाच्या बढती, आणि आमच्या वाट्याला काय? गाढव, तेही लपवायचं!

गेम आला. मेहुण्यानं हौसेनं हॉलमध्ये लावला. सासरे चष्मा पुसून समोर बसले, इतिहासाच्या चुका काढायला. नायक राजवाड्यावरून उडी मारतो, बाजारात पडतो, कुठे? थेट आमच्या गाढवाशेजारी! आणि गाढव... हीऽऽऽ हॉऽऽ!

तर स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, ‘‘अहो, काय झालं एवढं हसायला?’’

संपलो! सासरे सावकाश माझ्याकडे वळले. मी हात जोडले, ‘‘बाबा, पोटासाठी...’’ मला थांबवून मेहुण्याला म्हणाले, ‘‘पुन्हा लाव.’’ ऐकलं. ‘‘पुन्हा.’’ पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, ‘‘आवाज चांगला लागलाय हं माझा!’’ आणि जे हसत सुटले... सासूबाई हातात उलथनं घेऊन धावत आल्या, एकदा टीव्हीकडे बघतात, एकदा नवऱ्याकडे, कळेचना कुणाला पाणी द्यावं!

आता रोज संध्याकाळी ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. ‘‘आजोबा, एकदाच!’’ म्हणत पोरं गोळा होतात, आणि ते आढेवेढे घेऊन एकदा ओरडून दाखवतात. टाळ्या! आणि पापण्या लावणारा मी? कोपऱ्यावरून येताना दिसलो, की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात, ‘‘ए, तो बघ, गाढवाचा जावई!’’

चिडून काय करणार? नात्यानं बरोबरच आहे ना हो!